मापात पाप कुठं शिरतं?



२०१६ सालचा उन्हाळा लातूरकरांना विसरता यायचा नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या गल्लीत सहा घरांनी वर्गणी काढून पाण्याचा टँकर मागवला. टँकरवाल्यानं पाच हजार लिटरचे पैसे आधीच मोजून घेतले. पाणी सोडलं ते सामाईक हौदात. हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल, आणि तळापर्यंत कोरडा. टँकर रिकामा होऊन निघून गेला तेव्हा पाणी साडेतीन फुटांवर थांबलं होतं.

बायका हंडे घेऊन उभ्याच होत्या. कुणी म्हणालं, "एवढंच?" कुणी म्हणालं, "उन्हात उडालं असंल माय." तेवढ्यात बारावीतल्या एका पोरीनं वही काढली. आठ गुणिले पाच गुणिले साडेतीन, म्हणजे १४० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर बसतात. गुणाकार आला ३,९६२ लिटर. पाच हजारांतले हजारभर लिटर हौदात पडलेच नव्हते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर जवळपास सत्तर हंडे पाणी. पैसे सहा घरांचे गेले होते, पण पाणी कमी पडलं हे पहिल्यांदाच कुणी आकड्यात सांगितलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या मनात हा विषय घोळतो आहे. दूध, तेल, रॉकेल, पाणी, औषध – पातळ वस्तूंचा सगळा व्यवहार आपण बायकाच करतो. सासरी पाऊल टाकतानाही आपण धान्याचं माप ओलांडून येतो. पण ते माप ठरवलं कुणी, ते बदललं कधी, आणि बदललं तेव्हा कुणाच्या पदरात कमी पडलं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आज आपण हाच इतिहास बघू या.

सुरुवात फार जुन्या काळापासून करू. कौटिल्याचं अर्थशास्त्र हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात वजनमापांवर देखरेख करणारा एक अधिकारी आहे, पौतवाध्यक्ष. त्या काळची मापं होती कुडुंब, प्रस्थ, आढक आणि द्रोण. चार कुडुंबांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा एक आढक, चार आढकांचा एक द्रोण. हिशेब सोपा वाटतो. पण पुढची गोष्ट ऐका. द्रोण चार तऱ्हेचे होते. राजाच्या खजिन्यात धान्य घ्यायचं असेल तर द्रोण २०० पलांचा. बाजारातला द्रोण १८७ ॥ पलांचा. नोकरांना धान्य वाटायचं असेल तर १७५ पलांचा. आणि राणीवशाला द्यायचा द्रोण १६२ ॥ पलांचा! नाव एकच, द्रोण. घेताना मोठा, देताना लहान. आणि सगळ्यांत लहान द्रोण राजवाड्यातल्या बायकांच्या वाट्याला. हे काही चोरून केलेलं नव्हतं, नियम म्हणूनच लिहून ठेवलं होतं.

याच ग्रंथात गिऱ्हाइकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे, आणि ती तेलातुपाचीच आहे. मापानं तेल घालताना थोडं तेल मापालाच चिकटून राहतं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर आपण दुकानदाराला म्हणायचो, "थोडं पालथं धरा की." कौटिल्यानं हे चिकटलेलं तेल हिशेबात धरलं. पातळ वस्तू विकणाऱ्यानं पन्नासावा भाग जादा द्यावा, असा नियम केला. त्याचं नाव मानस्राव. शिवाय तापवून पातळ केलेलं तूप विकलं तर बत्तिसावा भाग जादा, आणि तेलाला चौसष्टावा. कारण तापलेली वस्तू फुगते, माप भरलेलं दिसतं, पण त्यात माल कमी असतो. दर चार महिन्यांनी मापं तपासून त्यांवर ठसा मारायचा, असंही त्यात सांगितलं आहे. तापलेल्या तुपाची ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्या आज्यांच्या तोंडी जी मापं होती, ती आठवून बघा. धान्याला निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दुधातेलाला छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. यात एक गंमत आहे. दोन छटाकांचं एक नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. सगळी दुपटी-निमपटीची उतरंड. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिलाही हे माप तपासता येत होतं. नवटाकानं दोनदा ओतायचं आणि पावशेर काठोकाठ भरला की नाही ते बघायचं. पाटी-पेन्सिल लागत नव्हती, डोळा पुरत होता.

मात्र याच शेरात मोठी मेख होती. शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. वजनी शेर वेगळा, मापी शेर वेगळा. कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा धरला जाई, पण एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारात तेवढाच भरेल, याची खात्री नसे. वर आपला मुलूख सरहद्दीवरचा. तिकडे तेलुगूत गिद्दा, सोला, तव्वा, मानिका ही मापं. कन्नड मुलखात तेलातुपाला सोल्लगे, ज्याचं नाव जुन्या शिलालेखांतही देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी येतं. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. माहेर एका भाषेत आणि सासर दुसऱ्या भाषेत असलेल्या बायका आपल्या भागात कमी नव्हत्या. भाषा बदलली की मापाचं नावही बदलायचं.

त्यात आपण मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. पलीकडे बार्शी, सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली आणि लातूरच्या आडत बाजाराचा माल सरहद्दीपलीकडे जाऊ लागला. पैसेसुद्धा दोन तऱ्हेचे होते. आपल्याकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. ढोबळ हिशेबानं सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. रुपया दोन तऱ्हेचा आणि शेर तीन तऱ्हेचा असला की हिशेब फक्त व्यापाऱ्यालाच येतो. विकणारी कुणबीण आणि विकत घेणारी मोलकरीण, दोघी त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात.

इंग्रजांबरोबर गॅलन आला. पाण्याच्या टाक्या, पेट्रोल, रॉकेल यांचा हिशेब गॅलनमध्ये होऊ लागला. रॉकेलचा पत्र्याचा चौकोनी डबा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा असे. रॉकेल संपलं की तोच डबा वर लाकडी दांडी ठोकून पाणी भरायला यायचा. गरिबाघरचा हंडाच तो.

पण गॅलन तरी एकच होता का? नाही. इंग्लंडनं १८२४ मध्ये नवा गॅलन ठरवला, दहा पौंड पाणी मावेल एवढा. तो भरतो सुमारे ४.५५ लिटर. अमेरिकेनं मात्र इंग्रजांचाच त्याआधीचा, दारू मोजायचा गॅलन तसाच ठेवला. तो भरतो ३.७९ लिटर. त्यामुळे आजही अमेरिकेत गेलेली लेक फोनवर "गॅलनभर दूध आणलं" म्हणाली, तर ते पावणेचार लिटरच्या जरासं वर असतं. जुन्या इंग्रजी गॅलनपेक्षा पाऊण लिटर कमी. मोबाइलवर बघून केक करताना "एक कप दूध" म्हटलेलं असतं, त्याचीही तीच गत. कुणाचा कप २४० मिलिलिटरचा, कुणाचा २५० चा, आणि आपल्या घरातला चहाचा कप त्याहून कितीतरी लहान.

या सगळ्या गोंधळावर उपाय निघाला फ्रान्समध्ये. तिथल्या राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये लिटर कायद्यानं ठरलं. दहा सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच खोल खोकं घ्या, त्यात मावेल ते एक लिटर. त्यात पाणी भरलं की वजन एक किलो. असं खोकं घरी पुठ्ठ्याचंही करून बघता येतं. हे माप कुणा राजाच्या कोठारातलं नव्हतं. पट्टी असलेल्या कुणालाही ते तपासता येत होतं.

आपल्या देशात दशमान पद्धतीचा कायदा झाला १९५६ च्या अखेरीस. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं काही भागांत सुरू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. त्याच मागोमाग दुधातेलाला लिटरची मापं आली.

मराठवाड्यासाठी हा काळ कसा होता, बघा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि आपण मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत राज्य बदललं, कारभाराची उर्दू जाऊन मराठी आली, हाली गेला, आणे गेले, शेर गेला. ज्या बाईला शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, तिनं हे सगळं बाजारात उभं राहून शिकायचं होतं.

आमच्या गटातल्या सर्वांत वडील मावशी लहानपणीची आठवण सांगतात. गवळ्यानं भाव लिटरचा केला, माप मात्र जुनं शेराचंच ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "शेर काय अन् लिटर काय, एकच." एकच होतं का? ८० तोळे पाणी म्हणजे सुमारे ९३३ मिलिलिटर. लिटरला ६७ मिलिलिटर कमी. आपल्याला वाटतं, एवढंसं तर आहे. पण रोज एक लिटर दूध घेणाऱ्या घराचं पंधरा दिवसांत एक लिटर दूध जायचं. महिन्याला दोन लिटर. लेकराच्या तोंडचं दूध, आणि तक्रार करायला आकडा जवळ नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, लिटर आलं ते चांगलंच झालं. पण लिटरनं आपल्याकडून एक गोष्ट मागितली. दुपटी-निमपटी डोळ्यानं तपासता येत होती. आता आकडा वाचता यायला हवा. ज्यांना तो वाचता आला त्यांचा फायदा झाला. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी दुकानदार तोच राहिला, फक्त माप नवं झालं.

आता मघाच्या तापलेल्या तुपाकडे परत येऊ. लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ. सोयाबीन आपल्या रानात पिकतं आणि त्याचं तेल पिशवीत बंद होऊन आपल्याच घरात येतं. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, पण तेल पाण्यापेक्षा हलकं. तेही सगळ्या वेळी सारखं नाही. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन २१ अंश तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅमच. काही कंपन्या पिशवीवर '६० अंशांना एक लिटर' असं बारीक अक्षरात छापत. आपल्या स्वयंपाकघरात ६० अंश कधी असतात? मग २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं तेल कंपन्यांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरबरोबर वजनही छापा. त्यासाठी जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. कौटिल्याचा बत्तिसावा भाग आणि हा आदेश, दोन्हींचं मूळ एकच. तापलेल्या मापात माल कमी बसतो.

तेलाच्या डब्याचंही तसंच. एक डबा १५ किलोचा असतो, दुसरा १५ लिटरचा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण पावणेचौदा किलोच असतं. म्हणजे सव्वा किलोचा फरक. भाव विचारताना आधी हे विचारा, "किलोचा की लिटरचा?"

आता पाणी. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून. म्हणजे ज्या वाटेनं कधी बार्शी लाइटची छोटी गाडी आपला माल घेऊन जायची, त्याच वाटेनं कृष्णेचं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, सुमारे २५ लाख लिटरची. २५ लाख! ऐकून ऊर भरून आला होता. पण भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८३ हजार. माणशी आले साडेसहा लिटर. अर्धा हंडाही नाही.

धरणाच्या बातम्या आपण रोज ऐकतो. टीएमसी, दलघमी, क्युसेक. शब्द कानावरून जातात. हे शब्द आम्ही वहीत असे लिहून ठेवले आहेत. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर, म्हणजे २५ लाख लिटरच्या ४०० पाणीगाड्या. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी. भरलेलं मांजरा म्हणजे सत्तर हजार पाणीगाड्या. रेल्वेनं धरणाची जागा का भरून निघत नाही, ते या एका गुणाकारात कळतं. एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, साधारण २८.३ दलघमी. म्हणजे अख्खं मांजरा सव्वासहा टीएमसीचं.

क्युसेक ही धावत्या पाण्याची गोष्ट. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. पावसाळ्यात नांदेडजवळ विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की बातमीत कधी लाख क्युसेकचा आकडा येतो. म्हणजे दर सेकंदाला २८ लाख लिटर. एका सेकंदात एका पाणीगाडीपेक्षा जास्त पाणी गोदावरीतून पुढे जातं. नदीकाठच्या वस्तीतल्या बाईला हा आकडा कळला, तर सामान कधी हलवायचं हेही तिला वेळेवर कळेल.

आपला हंडा तरी विश्वासाचा आहे का? आमच्यापैकी पाच जणींनी आपापले हंडे लिटरच्या बाटलीनं भरून बघितले. सर्वांत लहान निघाला ११ लिटरचा, सर्वांत मोठा १८ चा. नळाला "घरटी दहा हंडे" असा नियम ठरला, तर मोठा हंडा असलेल्या घराला ७० लिटर पाणी जास्त जातं. म्हणून वाटणी हंड्यानं करू नका, लिटरनं करा. जलजीवन मिशनचं ठरलेलं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. ग्रामसभेत हाच आकडा बोला.

औषधात तर अंदाज चालतच नाही. लेकराला जुलाब होतात तेव्हा ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. तांब्या हे काही माप नव्हे. कुणाचा तांब्या पाऊण लिटरचा, कुणाचा सव्वाचा. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, आणि ते लेकराला अपाय करतं. बाटलीबरोबरचं झाकण किंवा मापाचा चमचा वापरा. औषधाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, आपला पोह्यांचा चमचा नव्हे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. दुकानातल्या मापावर वैध मापन खात्याचा शिक्का असावा लागतो आणि दर दोन वर्षांनी ते माप तपासून घ्यावं लागतं. पेट्रोल पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागून तेल मोजून बघायचा आपल्याला हक्क आहे. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

त्या गल्लीत पुढच्या वेळी काय झालं, तेही सांगतो. बायकांनी हौदाच्या आतल्या भिंतीवर रंगानं रेघा मारल्या. आठ बाय पाचचा हौद, म्हणजे एक फूट उंचीला ४० घनफूट, सुमारे ११३० लिटर. पाच हजार लिटरची रेघ आली साडेचार फुटांच्या जरा खाली. टँकरवाला आला, रेघ बघितली, आणि काही न बोलता पाइप लावला. पाणी रेघेला टेकलं तेव्हा कुठं पैसे हातावर ठेवले.

तर मैत्रिणींनो, पुढच्या भागाच्या आत एवढं करा. लिटरची एक बाटली घ्या, घरातला हंडा, कळशी, तांब्या, चरवी भरून बघा, आणि प्रत्येकाच्या बुडाला रंगानं आकडा घाला. तुमच्या हंड्याचा आकडा आम्हाला कळवा. नांदेडचा हंडा मोठा की लातूरचा, ते पुढच्या वेळी इथंच सांगू. नमस्कार.